टीव्हीवर चुंबक ठेवला आणि म्युझियमचं दार उघडलं : नाम जून पाईकची गोष्ट

घरात मागून फुगलेला डबडा टीव्ही होता, त्या काळातल्या बहुतेक पोरांनी हा उद्योग एकदा तरी केलाय. जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक टीव्हीच्या काचेजवळ न्यायचा. चित्र वाकडं व्हायचं. टीव्ही रंगीत असेल तर कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग उमटायचा आणि तो डाग गेला नाही की घरच्यांच्या हातचा प्रसाद मिळायचा.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिशीतल्या एका माणसानं हेच केलं. १७ इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला, त्याच्या डोक्यावर भला मोठा चुंबक ठेवला. पडद्यावरच्या बातम्या, जाहिराती, माणसांचे चेहरे सगळं पिळवटून गेलं आणि त्या जागी प्रकाशाचं एक फुलासारखं नक्षीकाम तयार झालं. चुंबक सरकवला की नक्षी बदलायची. 

याला कुणी धपाटा घातला नाही. तो टीव्ही आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या संग्रहात आहे. नाव आहे 'मॅग्नेट टीव्ही'.

हा उद्योग करणारा माणूस म्हणजे नाम जून पाईक. जगभर त्याला व्हिडिओ आर्टचा बाप म्हणतात. आज कुठल्याही मोठ्या म्युझियममध्ये गेलात तर अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर चालू असतो, भिंतीवर स्क्रीन लटकलेले असतात आणि लोक त्यांच्यासमोर चित्रासमोर उभं राहावं तसे उभे असतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण साठ वर्षांपूर्वी टीव्ही म्युझियममध्ये ठेवायचा म्हणजे वॉचमनच्या केबिनमध्येच, असा एकूण मामला होता. तो बदलण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

आणि गंमत बघा, आडनाव पाईक. मराठीत पाईक म्हणजे हुकमाचा ताबेदार शिपाई. या गड्यानं आयुष्यात कुणाचाही हुकूम पाळलेला दिसत नाही.

पियानो शिकलेला श्रीमंताघरचा मुलगा

पाईकचा जन्म २० जुलै १९३२ चा, सोलचा. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. घरचा कापडाचा मोठा धंदा होता. पाच भावंडांत हा सगळ्यात धाकटा. अशा घरात असतं तसं पियानोचं रीतसर शिक्षण झालं.

१९५० मध्ये कोरियन युद्ध पेटलं आणि कुटुंबानं देश सोडला. आधी हाँगकाँग, मग जपान. पाईकनं टोकियो विद्यापीठात शिक्षण घेतलं आणि १९५६ मध्ये पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता आर्नोल्ड शोनबर्ग, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातली सुरांची जुनी चौकट मोडणारा संगीतकार. पोरगा पुढे कुठल्या वाटेला जाणार याची चाहूल खरं तर इथेच लागायला हवी होती.

त्याच वर्षी तो संगीत शिकायला पश्चिम जर्मनीला गेला. तिथे १९५८ मध्ये डार्मस्टाटला त्याची गाठ पडली जॉन केज या अमेरिकन संगीतकाराशी. केज पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, रबर, लाकडाचे तुकडे अडकवायचा आणि त्यातून भलतेच आवाज काढायचा. याला तो 'प्रिपेअर्ड पियानो' म्हणायचा. आवाज आणि गोंगाट यांच्यात काही फरक नाही, असं त्याचं म्हणणं. शोनबर्गवर प्रबंध लिहिलेल्या पाईकची खोपडीच उघडली.

मग गुरुदक्षिणा म्हणून त्यानं काय केलं? १९६० मध्ये कोलोनमधल्या एका स्टुडिओत त्याचा कार्यक्रम होता. पियानो वाजवता वाजवता तो उठला, प्रेक्षकांत उडी मारली, समोर बसलेल्या केजचा टाय कात्रीनं कापला, त्याच्या आणि शेजारच्या पियानोवादकाच्या डोक्यावर शाम्पू ओतला आणि खोलीतून निघून गेला. लोक हबकून बसून राहिले. थोड्या वेळानं फोन वाजला. पलीकडून पाईकच बोलत होता. कार्यक्रम संपलाय, एवढंच त्याला कळवायचं होतं.

या काळात युरोप-अमेरिकेत 'फ्लक्सस' नावाची कलाकारांची एक टोळी जमत होती. कलेतला गंभीर आव, महागड्या फ्रेमा, मखमली खुर्च्या या सगळ्याची टर उडवणारी. पाईक त्या टोळीत सामील झाला.

दारात बैलाचं मुंडकं, आत डझनभर टीव्ही

पण हे सगळं संगीतातच चालू होतं. टीव्ही कुठून आला?

पाईक कोलोनच्या रेडिओ केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत वावरत होता. तिथे आवाज विजेनं तयार करत. त्याच्या डोक्यात आलं की विजेपासून आवाज करता येत असेल, तर चित्र का नाही? मग त्यानं गावाबाहेर गुपचूप एक जागा भाड्यानं घेतली, जुने टीव्ही विकत आणले, इलेक्ट्रॉनिक्सची पुस्तकं वाचली आणि एकेक टीव्ही उघडून आतल्या तारा इकडच्या तिकडे करायला सुरुवात केली. या धंद्यात शॉक लागायची पुरेपूर सोय असते.

११ मार्च १९६३ ला वुपरटाल या जर्मन शहरात त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन उघडलं. जागा होती गॅलरी पारनास, म्हणजे रोल्फ येरलिंग नावाच्या एका वास्तुविशारदाचा राहता बंगला. दारातच बैलाचं ताजं कापलेलं मुंडकं टांगलेलं. आत मोडतोड करून सजवलेले चार पियानो. बाथटबमध्ये दुकानातला पुतळा. एका भिंतीवर ऑडिओ टेपच्या पट्ट्या चिकटवलेल्या, आणि पाहुण्यानं टेपरेकॉर्डरचं हेड हातात घेऊन हवं तिथं घासायचं, की तिथला आवाज वाजणार. म्हणजे गाणं कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं, हे ऐकणारा ठरवणार.

उद्घाटनाच्या दिवशी योझेफ बॉइस नावाचा कलाकार कुऱ्हाड घेऊन आला आणि त्यानं एका पियानोचे तुकडे केले. हे कार्यक्रमात नव्हतं. पाईकनं अडवलंही नाही. हाच बॉइस पुढे युरोपातला फार मोठा कलाकार झाला आणि पाईकचा जन्माचा दोस्तही.

या धिंगाण्यात एका खोलीत डझनभर टीव्ही पडलेले होते. काही उताणे, काही आडवे. एकाला मायक्रोफोन जोडलेला, त्यात ओरडलं की पडद्यावर ठिपक्यांची आतषबाजी. दुसऱ्याला टेपरेकॉर्डर जोडलेला, आवाज वाढला की चित्र मोठं, कमी झाला की छोटं. एक टीव्ही वाहतुकीतच बिघडला होता. त्याच्या पडद्यावर फक्त एक आडवी पांढरी रेघ येत होती. दुसऱ्या कुणी तो दुरुस्तीला टाकला असता. पाईकनं तो उचलून उभा केला. आडवी रेघ उभी झाली. नाव दिलं 'झेन फॉर टीव्ही'.

प्रदर्शन भरायचं संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. कारण साधं होतं. या टीव्हींमध्ये कुठलीही कॅसेट चालू नव्हती. व्हिडिओ रेकॉर्डर तेव्हा फक्त टीव्ही केंद्रांना परवडायचा. हवेतून येणारं खरं प्रसारण हाच पाईकचा कच्चा माल होता आणि प्रसारण असायचं मोजके तास. ज्या वेळी अख्खी जर्मनी घरात बसून टीव्ही बघत होती, त्याच वेळी तोच कार्यक्रम इथे वेडावाकडा होऊन दिसत होता. (मुंबईकरांसाठी संदर्भ : आपल्याकडे मुंबईत टीव्ही आला १९७२ मध्ये. म्हणजे तिकडे टीव्ही फोडून झाला तरी इकडे पोचलाही नव्हता.)

कलेत टीव्ही आणणारा पाईक पहिलाच का, यावर जाणकार अजून भांडतात. वोल्फ वोस्टेल हा जर्मन कलाकारही त्याच सुमारास टीव्हीशी खेळत होता. पण दोघांत एक फरक होता. वोस्टेलला टीव्हीचा राग होता. तो टीव्हीला काटेरी तारांत गुंडाळायचा, जमिनीत पुरायचा. पाईकला टीव्ही आवडायचा. त्याला फक्त त्याची एकतर्फी बडबड मान्य नव्हती. टीव्ही सांगणार आणि माणूस गप्प बसून ऐकणार, ही व्यवस्था त्याला उलटवायची होती. बोटानं स्क्रीन सरकवणाऱ्या आजच्या पिढीला यात विशेष वाटणार नाही, पण १९६३ मध्ये टीव्हीला हात लावायचा म्हणजे चॅनेल बदलायला किंवा आवाज कमी करायलाच.

न्यूयॉर्क, भंगार आणि अटक

या प्रदर्शनानंतर पाईक जपानला गेला. तिथे शुया आबे या इंजिनिअरची साथ मिळाली. दोघांनी मिळून के-४५६ नावाचा यंत्रमानव बनवला. हे नाव मोत्सार्टच्या एका पियानो कॉन्चेर्टोच्या क्रमांकावरून घेतलेलं. हा यंत्रमानव रस्त्यानं चालायचा, त्याच्या तोंडून केनेडींचं भाषण वाजायचं आणि मागून वाल टपकायचे. यंत्रमानवही शी करतो, हा खास पाईक विनोद.

१९६४ मध्ये त्याला घेऊन पाईक न्यूयॉर्कला पोचला. खिशात फार काही नव्हतं. तो राहायचा कॅनॉल स्ट्रीट भागात, जिथे तेव्हा जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाची दुकानं होती. आपला लॅमिंग्टन रोडच म्हणा. दुसऱ्यांचं भंगार हे त्याचं रंगाचं दुकान होतं.

तिथेच त्याला शार्लट मूरमन भेटली. नामवंत संस्थेत शिकलेली चेलोवादक. पुढची पंचवीसेक वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. पण त्या कामाची किंमत कुणी मोजली ते बघायला हवं.

९ फेब्रुवारी १९६७ ला न्यूयॉर्कमध्ये पाईकचा 'ऑपेरा सेक्स्ट्रोनिक' हा कार्यक्रम होता. अंगावरचे कपडे टप्प्याटप्प्यानं कमी करत शार्लटनं चेलो वाजवायचा होता. संगीताच्या मैफलीत शरीराला जागा का नाही, असा पाईकचा प्रश्न. कार्यक्रम मध्यातच पोलिसांनी थांबवला आणि दोघांना उचललं. खटला चालला. संगीत रचणाऱ्या पाईकवरचा आरोप टिकला नाही. वाजवणाऱ्या शार्लटला मात्र दोषी ठरवलं. शिक्षा स्थगित झाली, पण ऑर्केस्ट्रातलं काम गेलं आणि पेपरवाल्यांनी तिला उघड्या अंगाची चेलोवाली करून टाकलं. कल्पना त्याची, बदनामी तिची. पाईकच्या चाहत्यांना हा भाग घाईत उरकायला आवडतो, पण तो त्याच्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग आहे.

शार्लट मागे हटली नाही. १९६९ मध्ये तिनं दोन छोट्या टीव्हींची चोळी घालून चेलो वाजवला. १९७१ मध्ये तीन टीव्ही एकावर एक रचून बनवलेला 'टीव्ही चेलो' वाजवला. १९७९ मध्ये कॅन्सरचं निदान झाल्यावरही तिचे कार्यक्रम चालूच होते. १९९१ मध्ये ती गेली.

त्या टीव्हीच्या चोळीचा पहिला प्रयोग झाला न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत, 'टीव्ही अ‍ॅज अ क्रिएटिव्ह मीडियम' या प्रदर्शनात. अमेरिकेत फक्त टीव्ही-व्हिडिओला वाहिलेलं गॅलरीतलं हे पहिलं प्रदर्शन मानतात. पण त्यातून एक अडचण उघडी पडली. चित्र एकच असतं म्हणून ते विकत घेतात. व्हिडिओ टेपची कॉपी निघते. मग मूळ कुठलं आणि विकायचं काय? हॉवर्ड वाइजनं १९७० मध्ये गॅलरीच बंद केली आणि १९७१ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्स' ही संस्था काढली, जी कलाकारांच्या टेप म्युझियमना आणि कॉलेजांना भाड्यानं देते, विकते, सांभाळते. ती आजही चालू आहे.

पाईकच्या पहिल्या व्हिडिओचीही एक दंतकथा आहे. ४ ऑक्टोबर १९६५ ला पोप न्यूयॉर्कला आले होते. पाईकनं म्हणे त्याच दिवशी सोनीचा नवा कॅमेरा घेतला, पोपमुळे तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सीत बसून चित्रीकरण केलं आणि रात्री एका कॅफेत दाखवलं. गोष्ट झकास आहे. पण बॅटरीवर चालणारा सोनीचा पोर्टापॅक बाजारात आला १९६७ मध्ये, त्यामुळे अभ्यासक या गोष्टीकडे भुवया उंचावून बघतात. पाईकला स्वतःच्या दंतकथा आवडायच्या, हे मात्र नक्की.

कोरी फिल्म आणि स्वतःला बघणारा बुद्ध

फिल्म गॅलरीत आली की काय बदलतं, हे समजून घ्यायला पाईकच्या दोन कलाकृती पुरेशा आहेत.

पहिली 'झेन फॉर फिल्म', १९६४ ची. प्रोजेक्टरमध्ये घातलेली पूर्ण कोरी, पारदर्शक फिल्म. पडद्यावर काय दिसतं? प्रकाशाचा पांढरा चौकोन. बास. पण फिल्म जितक्या वेळा फिरते तितक्या वेळा तिच्यावर धूळ बसते, चरे पडतात. ते पडद्यावर नाचायला लागतात. म्हणजे दिग्दर्शक पाईक, पण सिनेमा बनवतेय धूळ.

आता म्युझियमवाल्यांची पंचाईत बघा. त्यांचं काम वस्तू जशी आहे तशी जपण्याचं. इथे वस्तू झिजणं हीच कलाकृती. जुनी चरे पडलेली फिल्म चालवावी तर ती एक दिवस तुटणार. डब्यात बंद करून काचेखाली ठेवावी तर लोकांना सिनेमा दिसणार नाही. नवी कोरी फिल्म लावावी तर साठ वर्षांची धूळ गेली. वेगवेगळ्या म्युझियमनी वेगवेगळे मार्ग काढलेत आणि यातला एकमेव बरोबर असा कुठलाच नाही.

दुसरी 'टीव्ही बुद्ध'. ही तुम्ही फोटोत नक्की पाहिली असेल.

१९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या बोनिनो गॅलरीत पाईकचं प्रदर्शन होतं आणि जागा रिकामी उरली होती. पाईकनं घेतलेली बुद्धाची एक जुनी मूर्ती होती. ती त्यानं एका टीव्हीसमोर बसवली, टीव्हीमागे कॅमेरा लावला आणि कॅमेऱ्याचं तोंड मूर्तीकडे केलं. झालं. बुद्ध टीव्हीत स्वतःला बघतोय, आता या क्षणी, आणि बघतच राहणार. रिकामी जागा भरायला केलेली ही गोष्ट त्याची सगळ्यात गाजलेली कलाकृती ठरली. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमनं ती संग्रहात घेतली. पुढे पाईकनं तिच्या अनेक आवृत्त्या केल्या. कोलोनला एकदा तर मूर्तीच्या जागी तो स्वतःच जाऊन बसला.

हा बुद्ध ध्यान करतोय की सेल्फीत अडकलाय, असा प्रश्न आज कुणालाही पडेल. १९७४ मध्ये समोरचा कॅमेरा म्हणजे दुकानात चोरावर नजर ठेवायची वस्तू होती.

यात थिएटर आणि गॅलरी यांच्यातला फरक नीट कळतो. थिएटरमध्ये तुम्ही वेळेवर जाता, अंधारात बसता, सुरुवात-मध्य-शेवट बघता. गॅलरीत माणूस कधीही येतो, कधीही जातो. त्यामुळे व्हिडिओ एकतर सारखा फिरता ठेवावा लागतो, नाहीतर 'टीव्ही बुद्ध'सारखा, ज्याला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. शिवाय थिएटरमध्ये प्रोजेक्टर लपवतात, इथे टीव्हीचं खोकं हेच शिल्प असतं. पाईकनं टीव्ही झाडांच्या कुंड्यांमध्ये ठेवले, छताला टांगले, त्यांचे माणसासारखे पुतळे केले. लोकांना मान वर करून, वाकून, फिरून बघायला लावलं.

१९७७ मध्ये त्यानं शिगेको कुबोता या जपानी कलाकाराशी लग्न केलं. कुबोता स्वतः व्हिडिओ शिल्पं करायची आणि न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म अर्काइव्हजमध्ये व्हिडिओचे कार्यक्रम ठरवायची. म्हणजे दुसऱ्यांच्या व्हिडिओला पडदा मिळवून देणं हे तिचं कामच होतं. तिच्या स्वतःच्या कामाकडे मात्र मोठ्या म्युझियमचं लक्ष जायला फार उशीर झाला. मोमामध्ये तिचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं २०२१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

ऑरवेलला सुप्रभात, किपलिंगला टाटा

१९८२ मध्ये व्हिटनी म्युझियमनं पाईकचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. कलाकाराच्या आयुष्यात हा मानाचा क्षण. पाईकनं काय करावं? के-४५६ यंत्रमानवाला म्युझियमबाहेर काढलं, रस्ता ओलांडायला लावला आणि ठरवून एका गाडीखाली घातलं. एकविसाव्या शतकातला पहिला अपघात, असं त्याचं नाव ठेवलं.

मग १ जानेवारी १९८४. जॉर्ज ऑरवेलच्या कादंबरीत याच साली पडदे माणसांवर पाळत ठेवणार होते. पाईकनं त्याच दिवशी उपग्रहावरून न्यूयॉर्क आणि पॅरिसचं पाँपिदू सेंटर जोडून 'गुड मॉर्निंग मिस्टर ऑरवेल' हा थेट कार्यक्रम केला. केज, बॉइस, कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग, शार्लट मूरमन, आणि त्यांच्याच रांगेत पॉप गायक पीटर गॅब्रिएल. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे १२, पॅरिसमध्ये संध्याकाळचे ६, सोलमध्ये रात्रीचे २. तांत्रिक घोळ भरपूर झाले. पण टीव्ही फक्त पाळत ठेवत नाही, तो लोकांना भेटवतोही, हा मुद्दा त्यानं लाखो घरांत पोचवला. भारतात तेव्हा रंगीत टीव्ही येऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

त्याच वर्षी तो तीन दशकांहून जास्त काळानंतर कोरियात परतला. जाताना निर्वासित मुलगा होता, आला तेव्हा राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला होता.

१९८६ मध्ये दुसरा उपग्रह कार्यक्रम केला. न्यूयॉर्क, टोकियो आणि सोल जोडणारा. नाव 'बाय बाय किपलिंग'. हा किपलिंग म्हणजे मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग, ज्याचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. पूर्व आणि पश्चिम कधी एकत्र येणार नाहीत, या अर्थाची त्याची ओळ जगभर फेकली जाते. पाईकनं तिला उपग्रहावरून टाटा केला.

पुढची वर्षं मानसन्मानाची, ती भराभर सांगता येतील. १९९३ च्या व्हेनिस बिएनालेत त्यानं हान्स हाके या कलाकारासोबत जर्मनीचं दालन केलं आणि दालनाला गोल्डन लायन मिळाला. कोरियात जन्मलेला, न्यूयॉर्कला राहणारा माणूस जर्मनीसाठी पदक घेऊन आला. १९९५ मध्ये त्यानं 'इलेक्ट्रॉनिक सुपरहायवे' केली. ३३६ टीव्ही आणि निऑनच्या नळ्यांनी बनवलेला अमेरिकेचा भिंतभर नकाशा, प्रत्येक राज्यात वेगळा व्हिडिओ. राजधानी वॉशिंग्टनच्या जागी कॅमेरा जोडलेला छोटा पडदा आहे, त्यात बघणाऱ्याला स्वतःच दिसतो. आज ही भिंत स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये आहे. आणि हा शब्दही त्याला नवा नव्हता. १९७४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनला दिलेल्या अहवालात त्यानं इलेक्ट्रॉनिक महामार्ग बांधायला सांगितलं होतं. इंटरनेट घराघरात यायला तेव्हा वीस वर्षं बाकी होती.

१९९६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि तो व्हीलचेअरला खिळला. पुढची दहा वर्षं कुबोतानं त्याला सांभाळलं. खोडी मात्र गेली नाही, किंवा गेली नाही असं लोकांना वाटलं. जून १९९८ मध्ये व्हाइट हाउसमध्ये क्लिंटन यांना भेटताना तो खुर्चीतून उभा राहिला आणि त्याची पँट खाली घसरली. लेविन्स्की प्रकरण तेव्हा ऐन भरात होतं. अपघात की परफॉर्मन्स, याचा निकाल आजवर लागलेला नाही.

२००० मध्ये गुगनहाइममध्ये शेवटचं मोठं प्रदर्शन झालं. त्यात टीव्ही होतेच, पण आता लेझरही होते. २९ जानेवारी २००६ ला मायामीत पाईक गेला. न्यूयॉर्कमधल्या अंत्यविधीला जमलेल्या लोकांना कात्र्या वाटण्यात आल्या. प्रत्येकानं शेजाऱ्याचा टाय कापला आणि तुकडे त्याच्या शवपेटीत ठेवले.

पण टीव्हीच मेला तर?

पाईकनं मागे ठेवलेला खरा पेच आता सुरू होतो.

सोलजवळच्या ग्वाचनमध्ये कोरियाचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिथे सोल ऑलिंपिकच्या वर्षी, १९८८ मध्ये, त्यानं 'द मोअर द बेटर' उभारलं. साडेअठरा मीटर उंच मनोरा, त्यात १,००३ टीव्ही. आकडा कोरियाच्या स्थापनादिनावरून, म्हणजे ३ ऑक्टोबरवरून घेतलेला. मनोऱ्याभोवती चढत जाणारी गोल वाट आहे, फिरत फिरत वर जायचं आणि टीव्ही बघायचे.

आता टीव्हीचं आयुष्य किती? पिक्चर ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉनचा मारा होतो आणि काचेच्या आतला लेप चमकतो. तो लेप दर तासाला थोडा थोडा थकतो. आतले कपॅसिटर सुकतात, वायर तापतात. घरातला टीव्ही संध्याकाळी चार तास चालतो, म्युझियममधला दिवसभर. २००३ मध्ये बरेच टीव्ही बदलावे लागले. तोवर जगानं ट्यूबचे टीव्ही बनवणंच थांबवत आणलं होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणानं अख्खा मनोरा बंद करावा लागला.

मग कोरियात वाद रंगला. एक बाजू म्हणाली, सगळे सपाट एलईडी लावा, पाईक नव्या तंत्राचा माणूस होता, त्यानं हयातीत स्वतःच किती वेळा टीव्ही बदलले. दुसरी बाजू म्हणाली, ट्यूबची फुगीर काच, तिची थोडी थरथरती चमक हेच तर शिल्प, सपाट पडदे लावले की तो जाहिरातीचा फलक होईल. तिसरं मत असंही होतं की त्याला शांतपणे मरू द्या. तिन्ही बाजूंना पाईकच्याच आयुष्यातला आधार सापडतो, हीच तर मेख. पण 'झेन फॉर टीव्ही'वाला माणूस बघता, बंद पडलेला टीव्ही घाईनं फेकून देणाऱ्यांत तो नक्कीच नव्हता.

संग्रहालयानं जुनं ते शक्यतो जुनंच ठेवायचं ठरवलं. ठिकठिकाणांहून वापरलेले टीव्ही आणि सुटे भाग गोळा केले. ७३७ ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केले किंवा तशाच जुन्या टीव्हींनी बदलले. वरच्या भागातल्या ज्या छोट्या टीव्हींना जोड मिळेना, तिथे २६६ सपाट पडदे बसवले, पण बाहेरचं खोकं जुन्यासारखंच ठेवून. १५ सप्टेंबर २०२२ ला मनोरा पुन्हा उजळला. उरलेल्या ट्यूब जास्त दिवस पुरवायच्या म्हणून तो आता दिवसभर नाही, ठरलेले मोजके तासच चालू ठेवतात.